कॉलरमधलं टोक

कारखान्यात नवी बाई लागली की पहिल्या आठवड्यात तिला तीन गोष्टी कळायच्या. डबे कुठं ठेवायचे, कुठल्या नळाला पाणी नीट येतं, आणि जाकिटाची हकिकत. पहिल्या दोन कुणीतरी दाखवायचं. तिसरी आपल्या पायानं चालत यायची.

हकिकत अशी. तिसऱ्या ओळीत एक बाई होती. लहान मुलांची जाकिटं शिवायची. एकदा मशीनची सुई मोडली आणि टोक काही सापडेना. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि तोंड शिवून बसली. जाकीट गेलं पुढं. खोक्यात गेलं, बोटीत बसलं, समुद्रापार कुठल्या कुठल्या दुकानांत टांगलं गेलं. वर्षं लोटली. त्या बाईला नात झाली. बाहेरदेशाहून आलेल्या कुणा पाहुण्यानं नातीला कौतुकानं जाकीट आणलं. अंगात घातल्यापासून पोर रडायची थांबेना. दूध पाजून झालं, खांद्यावर घेऊन झालं, पाळण्यात घालून झालं. शेवटी आजीनं कॉलर उलटी करून पाहिली, तर शिलाई ओळखीची. स्वतःच्याच हाताची. आणि शिलाईच्या आत, मुंगीच्या डोक्याएवढं, टोक.

सांगणारी इथं थांबायची. ऐकणारीचा हात आपसूक मानेकडं जायचा.

पॅकिंगमध्ये ते जाकीट लाल असायचं, पाचव्या ओळीत निळं. इस्त्रीवाल्या बायका नातीला दवाखान्यात पोचवून सुखरूप घरी आणायच्या, कारण त्यांच्यातल्या दोघींना रडणाऱ्या गोष्टी सोसत नव्हत्या. कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर तर ती बाई माझ्याच बसनं जायची, खिडकीशी बसायची, असं छातीठोक सांगायचा. त्याला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती.

कारखान्यात सुया बदलून देणाऱ्या सुईमावशीला तर तिच्या भाचीनं दुसऱ्या गावाहून फोन करून ती सांगितली. "मावशी, आमच्या शिवणवर्गाच्या बाई आहेत ना, त्यांच्या नणंदेच्या कारखान्यात अगदी खरंखुरं घडलंय."

"अगंबाई, हो का," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवून बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. हसावं की कपाळाला हात लावावा, तिला कळेना. कारण ती नणंद, तो पाहुणा, ती बोट, सगळ्यांची आई तीच होती. अकरा वर्षांपूर्वी, सकाळचा चहा आणि जेवणाची सुट्टी यांच्या मधे, सुईच्या खिडकीत बसून तिनं ती गोष्ट रचली होती.

सुईची खिडकी म्हणजे जाळी लावलेली हातभर रुंद चौकट. आत एक स्टूल, एक भिंग, एक चुंबक, नंबराप्रमाणे लावलेल्या सुयांच्या डब्या आणि कार्डांचा गठ्ठा. नियम साधा. मोडकी सुई पूर्ण आणून द्यायची, तरच नवी मिळणार. मावशी तुकडे कार्डावर जुळवायची, वरून चिकटपट्टी लावायची, ओळ, मशीन, तारीख लिहायची. एखादा तुकडा कमी पडला तर ओळ थांबायची. हातातले, पुढं गेलेले, मागं राहिलेले सगळे कपडे गोळा करून चुंबक फिरवायचा. तास तास जायचा, सगळ्या ओळीला थांबावं लागायचं, आणि जिची सुई मोडली तिच्याकडं चाळीस बायका बघायच्या. दाराशी धातू शोधणारं यंत्र पुढं आलं खरं, पण ते चेनच्या पट्टीलाही ओरडायचं, आणि सारखं ओरडणाऱ्याकडं कोण लक्ष देतं.

खिडकी हाती आली त्याच महिन्यातली गोष्ट. एक नवी मुलगी दोन तुकडे घेऊन आली. तिसरा नव्हता.

"मावशी, एवढंसं तर टोक. कुणाला कळणार आहे?"

रागवावं, सुपरवायझरला हाक मारावी, असं मावशीच्या मनात होतं. तोंडातून मात्र निघालं, "अशीच एक होती बघ, तिसऱ्या ओळीत." आणि मग बाई आली, जाकीट आलं, बोट आली, नात आली. बोलता बोलता मावशीला स्वतःचंच नवल वाटत होतं, इतकं सगळं कुठून येतंय. मुलगी पांढरीफटक पडली, गेली, आणि अर्ध्या तासानं कपड्यांच्या ढिगातून टोक शोधून घेऊन आली. त्या दिवसानंतर नियमांच्या पाटीनं जे काम केलं नव्हतं ते जाकिटानं केलं. पाटी भिंतीवर होती. जाकीट घरोघर जायचं.

एकदा मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकदादांना तिनं विचारलं होतं. दादा वयानं मोठे, तिला मशीनवर बसायला शिकवणारे तेच. "दादा, लोक अशा गोष्टी एवढ्या का हो सांगत सुटतात? पाहिलेलं कुणी नसतं."

दादांनी तेलाचा हात फडक्याला पुसला. "भीती गरम असते. एकट्याला हातात धरवत नाही. शेजारणीच्या हातात दिली की आपला हात थोडा निवतो."

"आणि शेजारीण?"

"तिलाही शेजारीण असतेच की."

दादांना तिनं एवढंच विचारलं. गोष्ट मुळात कुणी आणि कशापायी केली, ते नाही सांगितलं. ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. खाई त्याला खवखवे, ही म्हण कुणी सहज बोललं तरी ती उगाच पदर सावरायची.

तिसऱ्या ओळीतली ती बाई ती स्वतःच होती.

तेवीस वर्षं झाली त्याला. मुलगी तीन वर्षांची, अंगात ताप, शेजारणीच्या भरवशावर टाकून आलेली. सुटायला अर्धा तास असताना सुई मोडली आणि टोक सापडेना. सांगावं तर ओळ थांबणार, सगळ्यांना बसावं लागणार, आणि घरी पोर फणफणलेली. त्या काळी बायकांची एक रीत होती. जुन्या मोडक्या सुयांची टोकं काडेपेटीत जपून ठेवायची. कुणाचं टोक हरवलं की काडेपेटी गुपचूप मशीनखालून पुढं सरकायची. कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि त्याबद्दल बोलायचंही नाही. शेजारच्या मशीनवरून तशी एक पेटी आली. तिनं त्यातलं टोक उचललं, आपल्या तुकड्यांना लावलं. तिची सुई अकरा नंबरची बारीक, टोक चौदा नंबरचं जाड. खिडकीतल्या माणसानं वर पाहिलंसुद्धा नाही. नवी सुई मिळाली, ती वेळेवर घरी पोचली. मुलीचा ताप सकाळी उतरला. शेजारणीनं दिवसभर कपाळावर घड्या बदलल्या होत्या. त्या माउलीचे उपकार मावशी आजही विसरलेली नाही.

पण ते खरं टोक कुठं गेलं? फरशीच्या फटीत पडलं, की निळ्या जाकिटाच्या कॉलरमध्ये शिवलं गेलं? ते तिला कधीच कळलं नाही. तिच्या मुलीला साधी खोकल्याची ढास लागली तरी मावशीला कुठल्या तरी दूरच्या घरातलं, कधी न पाहिलेलं पोर आठवायचं. खिडकीतली नोकरी तिनं मागून घेतली ती त्यासाठीच. आलेली प्रत्येक सुई ती भिंगाखाली धरून टोक त्याच सुईचं आहे ना ते पाहायची. आणि गोष्टीतल्या बाईला तिनं जाकीट परत आणून दिलं, कारण तिला स्वतःला ते कधी परत मिळालं नव्हतं. खऱ्या हकिकतीला शेवट नव्हता. माणसानं जगायचं तर काहीतरी शेवट लागतो.

एवढं सोडलं तर मावशीची देवाकडं तक्रार नव्हती. मुलगी शिकली, आपल्या घरी सुखात होती. गुडघे जिना चढू देत होते. रोज स्टूलावर बसायच्या आधी ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, त्या पोराला बरं ठेव, जिथं असेल तिथं.

तर अशी अकरा वर्षं गेली. आणि तिसऱ्या ओळीत एक नवी बाई आली.

पस्तिशीची, सडपातळ, कामाला चोख. बोलायची मात्र तोलूनमापून, विचारलं तेवढंच. बायकांनी महिनाभर वाट पाहिली आणि तिचं नाव मुकी ठेवलं. तिला सहा वर्षांची मुलगी होती, ती गावी आजीकडं. कायम झाली की खोली घ्यायची आणि शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला घेऊन यायचं, एवढं एकच वाक्य तिनं मावशीच्या खिडकीशी कधीतरी उच्चारलं होतं. आणखी तीन महिने काढले की ती कायम होणार होती.

तिच्या पिशवीत मुलीचं जुनं जाकीट असायचं. मापाला आणलेलं, त्यावरून नवं शिवायचं म्हणून. जेवणाच्या सुट्टीत ती ते मांडीवर घ्यायची, बाहीवर हात फिरवायची, घडी घालून परत ठेवायची. कॉलरपाशी ठिगळ होतं. ते बायकांनी पाहिलं.

आता झालं होतं असं, की फिरता फिरता गोष्टीला एक शेपूट फुटलं होतं. ती बाई म्हणे ते जाकीट अजून बरोबर बाळगते. हे शेपूट पॅकिंगच्या ताईंनी लावलं होतं. ताई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या हातून कुठलीही गोष्ट रिकाम्या हातानं परत जायची नाही. आणि इथं तिसरी ओळ, न बोलणारी बाई, ठिगळाचं जाकीट. बायकांनी दोन आणि दोन पाच केले. सहा वर्षांच्या मुलीची आई आजी कशी होईल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्याच्या त्याच्या तोंडी असलेली गोष्ट रचणारीलाच सगळ्यांत शेवटी कळते.

एका सोमवारी मुकी खिडकीशी आली. तीन तुकडे हातरुमालावर मांडलेले, एकही कमी नाही.

"मावशी, ही माझी शेवटची."

"सुई?"

"हो. नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय. शनिवारी देते."

"अगं, तीन महिन्यांवर आलंय तुझं. पोरीला आणायचीस ना?"

तिनं जाळीला बोट लावलं. "माझ्या शेजारी डबा उघडत नाही कुणी. माझ्या हातचे कपडे पुढची बाई दोनदा चाचपते. परवा एकीनं विचारलं, नातीची मान बरी आहे का म्हणून. मला नात नाही, मावशी. मला कळेना. मग ड्रायव्हरनं सगळी हकिकत सांगितली. म्हणाला, खिडकीतल्या मावशींनी सांगितलंय, म्हणजे खोटं नसणार."

मावशीच्या हातातली चिकटपट्टी स्वतःलाच चिकटली.

दुपारी ती जेवणाच्या खोलीत गेली. एरवी ती खिडकीतच जेवायची, म्हणून तिला पाहून बाकावरच्या सरकल्या. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "बायांनो, ती जाकिटाची गोष्ट मी रचलेली आहे. असं कधी घडलेलं नाही. त्या बाईच्या मागं लागू नका."

पॅकिंगच्या ताई हसल्या. "मावशी, तुमचं मन मोठं आहे, आम्हाला माहीतेय. पण तुम्ही कशाला तिच्यावर पांघरूण घालता?"

"पांघरूण नाही गं, खरं सांगतेय."

"माझ्या जावेच्या बहिणीनं ते पेपरात वाचलंय. फोटोसकट."

"कसला फोटो?"

"जाकिटाचा."

दुसरी म्हणाली, "आणि घडलंच नसतं, तर मावशी धावत आल्या असत्या का सांगायला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी आली होती आग विझवायला, आणि तेल ओतून परत गेली. कोपऱ्यात मुकीनं डब्याचं झाकण लावलं. त्यातलं अर्धं तसंच होतं.

घरी मावशीनं ताट तसंच झाकून ठेवलं. खोटी गोष्ट खोटी आहे एवढं सांगून भागणार नव्हतं. लोकांना बाई हवी होती. नुसतं "ही नव्हे" म्हणून चालत नाही, मग कोण ते सांगावं लागतं. आणि ते सांगायचं तर खिडकी गेली. ज्या बाईनं चुकीचं टोक लावून कार्ड भरलं, तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा कोण ठेवील? अकरा वर्षांत मिळवलेलं सगळं नाव त्या चौकटीतच तर होतं. ती देवापुढं बसली, पण मागायला काही सुचेना. शेवटी म्हणाली, आजवर तू माझी चूक झाकलीस, उपकार झाले. आता पुरे.

दुसऱ्या दिवशी ती आधी सुपरवायझर मॅडमकडं गेली. मॅडम तिच्या मुलीच्या वयाच्या. मावशीनं सगळं सांगितलं, तारखेसकट. मॅडमनं पेन खाली ठेवलं.

"मावशी, तेव्हा मी तीन वर्षांची होते."

"माझी मुलगीही."

मॅडमनं पेन परत उचललं. म्हणाल्या, "वर कळवावं लागेल मला. तोवर खिडकीत दुसरं कुणी बसेल. तुम्ही फिनिशिंगमध्ये धागे कापा."

"बरं," मावशी म्हणाली. "एक विचारू? सुट्टीत बायकांना सांगितलं तर चालेल?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि मावशी दाराशी पोचल्यावर, "मावशी, बसून सांगा. उभं राहून नको."

ती बसूनच बोलली. बाकाच्या टोकाला, मुकीच्या शेजारी. गोष्ट सांगायच्या आवाजात नाही, भाजी आणायला गेले होते अशा आवाजात. पोरीचा ताप सांगितला. अकरा नंबरची सुई सांगितली, चौदाचं टोक सांगितलं. काडेपेटी म्हटल्याबरोबर जुन्या चौघीजणींनी आपापल्या डब्यात पाहिलं. काडेपेटी बाहेरच्या माणसाला माहीत असण्याची सोय नव्हती. फोटोवाल्या पेपरातही ती आली नसती.

"म्हणजे तिसरीतली ती तुम्ही," पॅकिंगच्या ताई सावकाश म्हणाल्या.

"मी. हिचं जाकीट खिळ्याला अडकून फाटलं, म्हणून ठिगळ, एवढंच."

"काटा," मुकी हळूच म्हणाली. "कुंपणाचा."

"काटा," मावशी म्हणाली.

"मग त्या जाकिटाचं पुढं काय झालं?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"नाहीच माहीत. तेवढंच तर दुखणं आहे."

हे कुणालाच आवडलं नाही. कुणी रागावलं नाही, जवळही आलं नाही. घंटा झाली, सगळ्या उठल्या. पण जाताना ताई मुकीसमोर थांबल्या. तोंड फार चालणाऱ्या माणसाला माफी मागायला शब्द सापडत नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "मुलगी कितवीत जाणार तुझी?"

"पहिलीत."

"आमच्या गल्लीतली शाळा बरी आहे. खोली बघायची असली तर सांग." आणि त्या भराभर निघून गेल्या, जणू कुणी त्यांनाच काही विचारेल.

शनिवारी अर्ज दिला गेला नाही.

मावशीनं तीन आठवडे धागे कापले. मग मॅडमनं बोलावलं. वरून उत्तर आलं होतं, की जुन्या प्रकरणाची कार्डं आता ठेवलेली नाहीत, तेव्हा योग्य ते करावे. मॅडमनं किल्ली टेबलावर सरकवली. "योग्य ते मला हे वाटतं. खोटं टोक भिंगाखाली तुमच्याइतकं कुणाला ओळखू येणार आहे?" मावशीनं किल्ली घेतली. तिनं मान लववली आणि खिडकीत जाऊन तासभर डब्या पुसल्या. त्या पुसलेल्याच होत्या.

मुकी कायम झाली. तिची पोर आली. दोन दात पडलेली, आईच्या उलट अखंड बडबडी. मावशी कधी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं जायची, पोरीच्या गप्पा ऐकायची.

सहा-सात महिन्यांनी, एका संध्याकाळी, घरी जाताना बसमध्ये मावशीच्या पुढच्या बाकावर दोन नव्या मुली बसल्या होत्या. एक दुसरीला जाकिटाची गोष्ट सांगत होती. मावशीनं कान दिला. आता त्यात नात नव्हती, पाहुणाही नव्हता. एक बाई होती, तिचं टोक हरवलं होतं, आणि तेवीस वर्षांनी तिनं सगळ्यांसमोर बसून सांगितलं होतं, मीच ती.

"आणि मग?"

"मग काय, हे पसरत पसरत गेलं समुद्रापार. आणि तिकडून पत्र आलं तिला. की आमच्या मुलानं ते जाकीट घातलं, फाटेपर्यंत घातलं, त्याला काही झालं नाही. टोक बहुतेक तुमच्या फरशीवरच राहिलं. मुलगा आता मोठा आहे, बरा आहे. काळजी करू नका."

"पत्र कुणी पाहिलं?"

"आमच्या ओळीतली एक जण सांगत होती. तिनं पाहिलंय म्हणे. तशी ती फार बोलत नाही, पण हे तिनं स्वतः सांगितलं. मला, आणि इस्त्रीवाल्यांना, आणि पॅकिंगच्या ताईंना."

मावशीच्या डोळ्यांसमोर जाळीला लावलेलं बोट आलं. विचारलं तेवढंच बोलणारी ती बाई, एकेका ओळीत जाऊन, कुणी न विचारता, एवढं सगळं बोलली होती. कुणासाठी, ते सांगायची गरज नव्हती. मावशीनं खिडकीकडं तोंड केलं आणि नाक पुसलं. देवा, किती दिलंस, ती मनात म्हणाली, आणि कुणाकुणाच्या हातून दिलंस.

पुढची मुलगी वळली. "मावशी, तुम्ही आमच्याच कारखान्यातल्या ना? हे खरंय का हो?"

मावशीनं खोटं बोलायचं सोडलं होतं.

"बाई खरी आहे," ती म्हणाली. "पत्राचं देवाला ठाऊक. पण जिनं सांगितलं ना, ती फार चांगली बाई आहे. तिच्या शेजारी बसत जा."